काच नसलेलं काचघर

९ जानेवारी

पोचले एकदाची. सामान वर चढवताना जिन्यातच दोनदा बसकण मारली, पण खोली पाहिली आणि शीण उतरला. वनस्पतिउद्यानाच्या आवारात, बियाण्यांच्या कोठीवर, मला राहायला जागा दिली आहे. खालून वाळक्या शेंगांचा आणि जुन्या पोत्यांचा वास येतो. पलंग, टेबल, पाणी तापवायची किटली, आणि एक अख्खी भिंत भरून लहान लहान खणांचं कपाट. प्रत्येक खणावर कुठल्या तरी बीचं नाव चिकटवलेलं. मी ‘सूर्यफूल’मध्ये पायमोजे ठेवले, ‘पालक’मध्ये औषधं आणि ‘भोपळा’मध्ये चष्मा. चष्मा भोपळ्यात हरवला, असं आता बिनदिक्कत म्हणता येईल.

खिडकीतून खालची हिरवळ दिसते. तिच्या मधोमध उघडी पडलेली माती. तिथंच माझं काम.

ठकूला फोन करून पोचल्याचं कळवलं. धाकटी बहीण असली तरी चौकशा थोरलीसारख्या. गादी दमट नाही ना, कडी नीट लागते ना, जेवलीस का. तिला सातवा संपून आठवा लागलाय. मार्चच्या सुरुवातीची तारीख दिली आहे. इतक्या वर्षांनी पाळणा हलणार, तर मी तिच्याजवळ असणार हे ठरलेलंच आहे. कळव आणि मी निघालेच, असं तिला पुन्हा एकदा सांगितलं.

आई गेल्यापासून दिवसभरातलं काही सांगायला घरी कुणी उरलं नाही. म्हणून ही वही. आईसारखी मध्येच डुलकी तरी काढणार नाही.

११ जानेवारी

आज सगळ्यांच्या ओळखी झाल्या. संचालकबाई उंच, चटपटीत, आणि चालता चालताच बोलणाऱ्या. त्यांचं ऐकायचं तर मागून पळावं लागतं. हिरवळीखालून नवी पाण्याची नळी टाकताना मजुरांच्या कुदळीला वीट लागली, मग अजून एक, मग भिंतच. काम थांबलं आणि उत्खनन करणारी म्हणून मला बोलावणं आलं. बाईंच्या खोलीत एक जुनं तैलचित्र टांगलं आहे. त्यात एक लांबलचक काचघर आहे, गोलाकार छपराचं, उन्हात लखलखणारं, आणि आत एकच काळसर झाड. उष्ण मुलखातली झाडं इथल्या थंडीत जगवण्यासाठी बांधलेलं. ते कधी मोडलं, का मोडलं, कुणालाच ठाऊक नाही. ते हेच असावं. वसंतात लोकांना पाहायला खुलं करायचं, असा बाईंचा बेत.

मुख्य माळी, माळीकाका, माणसांना ‘हं’ एवढंच उत्तर देतात आणि रोपांशी तासन्‌तास बोलतात. नकाशे काढायला एक निवृत्त गृहस्थ आहेत. दोन्ही कानांवर एकेक पेन्सिल, आणि तिसरी शोधत असतात. त्यांना सगळे नकाशेकाका म्हणतात. खणायला बागेतलेच दोघंतिघं गडी.

सगळे भले. पण पाच वाजले की आपापल्या घरी जातात. मग फाटकाला कुलूप, आणि एवढ्या मोठ्या बागेत मी एकटी. थंडीमुळे बाग लोकांना बंदच आहे. आज खिडकीत चहा पीत बसले होते. बोलायला गेले तर घशातून आवाज चटकन फुटेना. किटलीलाच म्हटलं, झालं का गं पाणी?

१७ जानेवारी

भिंतीचा पाया पूर्ण मोकळा झाला. सुबक काम आहे. भिंतीच्या पोटातून धूर फिरवायच्या बोळकांड्या नेल्या आहेत. एका टोकाला भट्टी, दुसऱ्या टोकाला धुराडं, म्हणजे गरम धूर सगळ्या भिंतींतून फिरून घर उबदार ठेवणार. आत हात घातला तर बोटांना काजळी लागली, अगदी ओली.

आज सकाळी एक मजेशीर गोष्ट दिसली. रात्री थंडी मी म्हणत होती. सगळी बाग दहिवराने पांढरी झाली होती, झुडपं, बाकं, कुंपणाच्या तारा, आमची हत्यारंसुद्धा. फक्त काचघराच्या चार भिंतींच्या आतली माती काळीभोर. दहिवराचा कण नाही. मी उतरून तळवा टेकला. माती कोमट होती, नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखी.

नकाशेकाका म्हणाले, काळी माती, खोल जागा, वाऱ्यापासून आडोसा, ऊन धरून ठेवत असेल. मलाही ते पटलं. माळीकाका काठावर पुष्कळ वेळ उभे राहिले आणि म्हणाले, भट्टी विझवायची राहून गेली वाटतं. इतक्या दिवसांत त्यांनी केलेला हा पहिलाच विनोद. सगळे हसलो. ते हसले नाहीत.

२३ जानेवारी

एक कोडं आहे. काच सापडत नाही.

एवढं मोठं काचघर पडलं असेल तर कपच्यांचा खच पडायला हवा. काच कुजत नाही, गंजत नाही. आम्ही माती बारीक चाळणीतून काढतो आहोत. तावदानं चिकटवायचं लुकण मिळालं, खिळे मिळाले, लोखंडी चौकटींचे तुकडे मिळाले, कुंड्यांची खापरं तर पोत्यांनी. काचेचा मात्र तुसाएवढाही तुकडा नाही. सगळी काच काढून नेली असणार, असं मी टिपणात लिहिलं. दुसरं काय लिहिणार?

दाराचा उंबरा सापडला. एकसंध दगड, पावलांनी झिजलेला. पण झीज विचित्र आहे. बाहेरची कड धारदार, नवीकोरी. आतल्या बाजूला मात्र खळगा पडलाय. आत येणारा माणूस दोन्ही कडा सारख्याच झिजवतो. हा दगड आतून येऊन येऊन उंबऱ्याशी थांबलेल्या कुणी तरी झिजवला आहे, असं वाटतं. नकाशेकाकांना म्हटलं, तर ते म्हणाले, दगड कधी तरी उलटा बसवला असेल. तिथली माती ठिसूळ आहे म्हणून दोरी बांधून ठेवली आणि आम्ही पलीकडच्या भिंतीवरून शिडीनेच खालीवर करतो.

दुपारी जेवत होतो तेव्हा एक साळुंकी हिरवळीवरून सरळ उडत आली आणि खड्ड्याच्या वर, हवेतच, धप्पकन आपटली. घसरत घसरत खाली आली आणि भिंतीच्या बाहेर पडली. मान मोडली होती. ससाण्याने झडप घातली असेल, असं एक गडी म्हणाला. पण आकाशात ससाणा नव्हता. आणि ती घसरली कशावरून?

माळीकाकांनी खड्डा करून तिला पुरलं.

२९ जानेवारी

रविवार. दिवसभरात एका माणसाशी बोलले. कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी. तो म्हणाला, पिशवी हवी का. मी म्हटलं, नको. झालं संभाषण.

खोली तापवायचं यंत्र कण्हतं फार आणि तापवतं कमी. अंगावर दोन स्वेटर चढवूनही बोटं आखडतात. शेवटी दुपारी पाव, अंडी आणि चहाचा थर्मास घेऊन खड्ड्यात जाऊन बसले. भिंतीला पाठ टेकली. काय सुख होतं. ऊब अशी पाठीतून आत उतरत गेली. वर वारा झाडं पिळत होता आणि मला त्याचा आवाजसुद्धा येत नव्हता. लहानपणी तापात आई पाठीशी येऊन झोपायची त्याची आठवण झाली. डोळा लागला.

जागी झाले ती कुणी तरी माझ्याकडे बघतंय असं वाटून. वाईट नाही वाटलं. कुणी तरी बघतंय हेच बरं वाटलं.

ठकूचा फोन आला. पोरगं लाथा मारतंय म्हणाली. मी हसले. तिने विचारलं, एकटी कंटाळतेस का? मी म्हटलं, छे, इथं मस्त ऊब आहे.

४ फेब्रुवारी

शांतपणे लिहायला हवं.

सकाळी गडी यायच्या आधी खाली गेले. रोजच्यासारखी शिडीकडे वळले, तर मागून आवाज आला. ‘ये.’

एवढंच. दारात आलेल्या पाहुण्याला म्हणतात तसं. बाईचा आवाज, थकलेला, मायेचा. वळून पाहिलं तर कुणी नाही. उंबऱ्याच्या पलीकडे नुसती माती. मी घाबरायला हवं होतं. पण कितीतरी दिवसांनी कुणी तरी मला ‘ये’ म्हटलं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘आले हं.’ दोरी उचलली आणि उंबरा ओलांडून आत गेले.

पहिल्यांदाच दारातून आत गेले. पाऊल ठेवलं तिथंच जमीन भुसभुशीत लागली. खुरपी घेऊन माती सारली. वीतभर खाली हाडं निघाली.

माणसाचीच. उंबऱ्याला लागून, आतल्या बाजूला. गुडघे पोटाशी. दोन्ही हात वर उचललेले, तळवे बाहेरच्या बाजूला.

संचालकबाईंना बोलावलं. काम बंद. पोलीस आले, पाहून गेले. हाडं फार जुनी आहेत म्हणाले.

७ फेब्रुवारी

हाडांच्या तपासणीसाठी डॉक्टरीणबाई आल्या होत्या. प्रसन्न बाई, खड्ड्यात पालथ्या पडून गुणगुणत काम करतात. त्यांनी सांगितलं, बाई आहे, साधारण माझ्याच वयाची. घाव नाही, मोडतोड नाही, अंगावर काही कोसळलेलं नाही. मेल्यावर कुणी पुरलेलंही नाही. नुसती बसली आणि मेली. माती नंतर वर साचली.

दाराची बिजागरं उंबऱ्यापाशीच सापडली. कडी नव्हती, कुलूप नव्हतं. दार साधं ढकलून उघडणारं होतं. मग ती बाहेर का गेली नाही, असं मी विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते हाडांवर लिहिलेलं नसतं.

दुपारी पेटी गाडीत ठेवून घेऊन गेल्या. मी फाटकापर्यंत गेले. गाडी सुटली त्या क्षणी कुणी तरी सुटकेचा मोठा श्वास सोडल्यासारखं ऐकू आलं. माझाच असेल.

तेव्हापासून तो आवाज नाही. आज मुद्दाम उंबऱ्याशी जाऊन थांबले. नाही.

१० फेब्रुवारी

लोकांना माझं बोलणं ऐकू येत नाहीसं झालं आहे.

आधी वाटलं, नकाशेकाकांचे कान गेले. मी हाक मारत होते आणि ते खुशाल शिट्टी वाजवत पेन्सिल शोधत होते. मग संचालकबाईंचंही तेच. समोर उभी राहून बोलले तर त्यांनी डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, जरा मोठ्याने बोला, तुम्ही फार हळू बोलता हल्ली. मी जवळजवळ ओरडत होते.

त्यांचे आवाजही मला लांबून येतात. बंद खिडकीच्या पलीकडून यावेत तसे. गावात जाऊन कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. स्वच्छ आहेत कान, म्हणाले. ते त्यांना चिठ्ठीवर लिहून मला दाखवावं लागलं. आणि त्यांची ती चिठ्ठी धरलेली बोटं माझ्या मनगटाला लागली तेव्हा ते दचकले. ताप आहे का, असं विचारलं. ताप नव्हता. मोजून पाहिला.

१४ फेब्रुवारी

आज पाऊस. बारीक, बर्फासारखा.

खिडकीतून बघत होते. पाणी काचघरात पडत नाही. वर, हवेत, कुठे तरी अडतं. गोलाकार घसरतं, दोन्ही बाजूंना वाहतं, आणि भिंतींच्या बाहेर दोन ओळींनी जमिनीत मुरतं. चित्रातल्या छपराचा अगदी तोच आकार. पाऊस असेपर्यंत ते स्पष्ट दिसत होतं. एकेक तावदान मोजता आलं असतं.

काच कुणी काढून नेली नव्हती. काच सापडली नाही, कारण ती पडलीच नव्हती.

माळीकाकांना हाताला धरून आणलं आणि दाखवलं. त्यांनी पाहिलं. नक्की पाहिलं, कारण टोपी काढून हातात घेतली. मग माझ्याकडे वळून बोलले. पावसात त्यांचं बोलणं मला ऐकूच येईना, तर त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. म्हणाले, ताई, काचघरात रुळलेलं रोप एकदम बाहेर काढलं तर मरतं. पण आत जास्त राहिलं की बाहेर काढताच येत नाही. तुम्ही आजच जा. बहिणीकडे जा.

उद्या निघते.

१५ फेब्रुवारी

निघाले नाही. थंडी.

ही साधी थंडी नव्हे. फाटकाकडे दहा पावलं गेले आणि छाती आवळली. बोटांची नखं काळपट पडली. श्वास ओढला तर आत सुया. रस्त्यावरून एक बाई उघड्या डोक्याने, हसत चालली होती. म्हणजे थंडी बाहेर नाही. माझ्यात काही तरी —

परत आले. खोलीतही तेच. दात वाजत होते. खड्ड्यात उतरले, भिंतीला टेकले, आणि थांबलं.

ऊब वाढू द्यायची नाही. थोडा वेळ बसायचं आणि उठायचं. रोज थोडं जास्त बाहेर राहायचं. रोपांना असंच कणखर करतात, माळीकाका म्हणाले.

१९ फेब्रुवारी

ठकूचा फोन. तारखेच्या आधीच कळा सुरू झाल्या. दवाखान्यात नेत आहेत.

ती म्हणत होती, ताई, ऐकू येतंय का? ताई? मी बोलत होते, घसा फाटेस्तोवर बोलत होते, निघाले गं, ही बघ निघालेच. ती नवऱ्याला म्हणाली, ताईचा फोन लागतो पण पलीकडे काहीच नाही, नुसतं पाणी ठिबकल्यासारखं येतं. मग ती रडायला लागली. तिला रडताना मी एकटं सोडलेलं नाही कधी. फोन बंद झाला.

सगळे कपडे एकावर एक चढवले. पिशवी घेतली, वही आत टाकली. फाटकाबाहेर पडले, बसथांब्यापर्यंत गेले, खरंच गेले. गुडघे धरून, ओणवी होऊन. बस आली. हात केला. चालकाने माझ्यातून पलीकडे पाहिलं आणि गाडी पुढे नेली. मागची आली. तिनेही तेच. नखांमधून रक्त यायला लागलं होतं.

थोडी ऊब घेऊन, गरम होऊन, पुन्हा निघायचं. एवढंच ठरवलं होतं. शिडी कुणी तरी काढून नेली होती. म्हणून दारातून गेले. घटकाभरच.

२० फेब्रुवारी

बाहेर जाता येत नाही.

उंबऱ्यावर पाऊल येतं, त्याच्या पुढे येत नाही. हात पुढे केला की गार, गुळगुळीत. दिसत काही नाही. तळवा लावला की भोवती वाफ धरते. हाताचा ठसा उमटतो आणि पुसला जातो.

भिंतींवरून चढून पाहिलं. तिथंही तेच. विटेने मारलं. वीट फुटली.

दगडातल्या त्या खळग्यात माझी टाच अगदी नीट बसते.

ती माझी वाट बघत होती. मी ‘आले’ म्हटलं. ती सुटली. पुढचं काय ते —

२२ फेब्रुवारी

शोधताहेत मला. संचालकबाई, पोलीस, माळीकाका. काठावरून खाली बघतात. नकाशेकाका माझ्या डोक्याच्या वर वाकून उभे होते, त्यांच्या कानावरची पेन्सिल खाली पडली, काचेवरून घरंगळत बाहेर गेली. ते तिच्याकडे बघत राहिले. मी खालून ठोकत होते.

माळीकाका रोज येतात. उंबऱ्यासमोर उभे राहतात, पाऊल टाकत नाहीत. त्यांना ठाऊक आहे, बहुतेक. काल त्यांनी बाहेर एक रोप आणून ठेवलं. सोबतीला असेल. त्याच्याशी बोलतात ते. ओठ हलतात. मी समजते की माझ्याशीच.

तारीख नक्की नाही

भूक लागत नाही. तहान लागते, पण भिंत चाटली की भागते. ओली असते.

सकाळी जाग येते तेव्हा तोंड उगवतीकडे असतं. संध्याकाळी मावळतीकडे. मी वळत नाही. वळलेली असते.

ठकूला मूल झालं का? कसं आहे? कुणी सांगत नाही. आई असती तर —

आज पूर्ण दिवस ‘ठकू’ एवढंच म्हणत बसले. आवाज विसरू नये म्हणून.

वसंत असावा

झाडांना पालवी. बाग उघडली. लोक येतात, लांबून पाटी वाचतात, पुढे जातात. दोरी आहे अजून. बरं आहे. कुणी आत येऊ नये.

एक बाई दोरीपाशी एकटीच उभी होती. पुष्कळ वेळ. पिशवी घट्ट धरून. तिला कुठे जायचं नव्हतं, मला कळलं. मला कळतं ते. आणि माझे ओठ —

मी तोंडावर हात दाबून धरला. तिला कुणाची तरी हाक आली, गेली ती.

पुन्हा असं होता कामा नये. तोंडात रुमाल कोंबून ठेवते दिवसा.

—

ठकू आली आहे.

फाटकाकडून येते आहे. वाळली आहे किती. कडेवर बाळ. मेहुणे मागे संचालकबाईंशी बोलताहेत. माळीकाका कुठे आहेत? माळीकाका दिसत नाहीत.

माझ्या खोलीतले पायमोजे तिच्या हातात आहेत. रडून डोळे सुजलेत. ती दोरीशी आली. खाली बघते आहे. सरळ माझ्याकडे, आणि मी दिसत नाही तिला. बाळ रडतंय, वारा लागतोय त्याला. टोपडं पिवळं. नाक आईचं. आमच्या आईचं. मी पाहिलं. पाहिलं मी बाळाला —

ती दोरीच्या कडेने चालते आहे. इकडे. उंबऱ्याकडे. इथं ऊब बाहेर येते, तिला लागली. बाळ गप्प झालं एकदम. ती थांबली. अजून एक पाऊल जवळ आली. बाळाला ऊब लागावी म्हणून. दोरीखालून वाकली —

नको ठकू. मागे हो. काच ठोकते आहे, दोन्ही हातांनी, लिहिते आहे, ठोकते आहे. वाफेवर बोटाने नको लिहिलं, ते ओघळलं. तिने मान वर केली. ऐकलं काही तरी. ती हसते आहे. ताई, म्हणाली. मला स्पष्ट ऐकू आलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. ताई?

मी नको म्हणते आहे. जीव तोडून नको म्हणते आहे. पण रुमाल खाली पडलाय आणि माझ्या कानांना माझा आवाज येतोय, मायेचा, थकलेला, आणि तो म्हणतोय ये —

तिने पाऊल उच